बांगड्यांचा आवाज आणि रिकामी कबर

पत्र (थोडक्यात): मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वय २९. चर्चच्या शब्बाथ शाळेत नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. नोव्हेंबरात आई गेली. कब्रस्थानात पाळकसाहेबांनी येशू मेलेल्यांतून उठला हे सांगणारा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला आणि लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओळी मला एकदम परक्या वाटल्या. त्यानंतर दोनदा पहाटे स्वयंपाकघरातून आईच्या बांगड्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आई परत आली असं काही वाटलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात एकच: येशू उठलेला आम्हाला दिसला असं सांगणाऱ्या शिष्यांचंही असंच झालं असेल का? येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचली, तर ती एकमेकांशी जुळेनात. गेल्या रविवारी वर्गातल्या मुलानं विचारलं, “ताई, तेव्हा मोबाईल नव्हता, मग कुणाला कळलं कसं?” मी विषय बदलला. ईस्टर तीन आठवड्यांवर आलाय. मी शिकवत राहू का? प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि प्याल्याचा विधी) घेऊ का? पप्पांना सांगू का?

उत्तर:

ताई, जय ख्रिस्त.

बांगड्यांचा आवाज तुम्ही दोन ओळींत उरकलात, पण सगळा पेच तिथंच आहे. शुभवर्तमानांमधले फरक तुम्हाला आई असतानाही सापडले असते, आणि त्यांनी तुमची झोप उडवली नसती. म्हणून आधी त्या आवाजाबद्दल.

माणूस गेल्यावर असं होणं अगदी नेहमीचं आहे. १९७१ साली डॉ. डेवी रीस यांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती, आवाज आला होता किंवा रूप दिसलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते कुणाजवळ काढलं नव्हतं. हा आजार नाही. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त तुटलं, आवाज काही करायला सांगू लागला किंवा जगावंसंच वाटेना, तर मात्र सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तसं काही तुमच्या पत्रात दिसत नाही.

आता शिष्यांचं. पुनरुत्थानावरच्या, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावरच्या, आक्षेपांत शिष्यांना शोकात भास झाला हाच सगळ्यात दमदार आहे, आणि तो तुमचा तुम्हीच शोधलात. बाकीचे इतके टिकत नाहीत. शिष्यांनी मृतदेह चोरला हा आरोप मत्तयानं स्वतःच आपल्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायात नोंदवलाय. पण चोरलेल्या देहाच्या जोरावर कुणी मार खात गावोगाव हिंडत नाही. येशू मेलाच नव्हता, नुसता बेशुद्ध होता, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात चमत्कार न मानणाऱ्या जर्मन अभ्यासक डेव्हिड स्ट्राउस यांनीच मोडीत काढली: जखमांनी अर्धमेला झालेला, सेवाशुश्रूषेची गरज असलेला माणूस बघून कुणालाही मरण हरल्यासारखं वाटणार नाही. शोकात झालेला भास ही गोष्ट मात्र खरोखर घडते, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय.

तरीही तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. “आई परत आली असं काही वाटलं नाही.” आवाज स्पष्ट होता, तरी निष्कर्ष तो निघाला नाही. बहुतेक शोकग्रस्तांचं असंच असतं. गेलेलं माणूस जाणवतं ते गेलेलं म्हणूनच. पहिल्या शतकातल्या यहुद्यांकडेही अशा अनुभवाला शब्द होते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, १२व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र दारात उभा असल्याचं दासी सांगते, तर घरातले म्हणतात, त्याचा देवदूत असेल. असं म्हणून शिष्य मोकळे होऊ शकले असते. त्यांनी वापरला तो ‘उठणे’ हा शब्द. जुन्या करारातल्या दानिएलाच्या १२व्या अध्यायापासून तो युगाच्या शेवटी सगळ्या मेलेल्यांसाठी होता. एकटा माणूस आधीच, इतिहासाच्या मधोमध उठून येईल अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. शिवाय आपल्यालाही येशू दिसला असं सांगणारा पौल शोकात नव्हता, तो तोवर ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होता. येशूचा भाऊ याकोब येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हता (योहान ७:५), आणि तरी ज्यांना तो दिसला त्यांत याकोबाचं नाव येतं.

यानं आक्षेप संपतो का? नाही. पौलाच्या मनात अपराधाची टोचणी असेल, अनेकांना एकत्र भास झाल्याच्या हकिगती दुसरीकडेही आहेत, असं म्हणता येतं आणि विचारी माणसं तसं म्हणतात. माझ्या मते शोकाचा भास हे उत्तर पेत्रापुरतं चालेल. पौलाशी ते अडखळतं.

आता पुरावा कुठून वाचायचा. तुम्ही चार शुभवर्तमानांपासून सुरुवात केलीत आणि तिथंच गुंता झाला. सगळ्यात जुना मजकूर आधी घ्या, आणि तो नेमका आईच्या कबरीपाशी वाचला तोच आहे: १ करिंथ १५, वचनं ३ ते ८. पौलानं हे पत्र इ.स. ५४च्या आसपास इफिसाहून लिहिलं. येशूचा वधस्तंभ इ.स. ३० किंवा ३३ सालचा, म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं गेली. पण त्या ओळी पत्राहून जुन्या आहेत. पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं. गुरूकडून पाठ केलेलं पुढं देताना यहुदी असेच शब्द वापरत. मग ग्रीकमध्ये ओळीनं चार वेळा ‘की’ येतो: की मेला, की पुरला गेला, की उठवला गेला, की दिसला. पेत्राचं नाव येतं ते केफा असं, अरामी भाषेतलं. ही रचना तोंडपाठ करण्यासाठीच आहे, आपल्याकडे शब्बाथ शाळेत वचनं घोकून घेतात तशी.

पौल करिंथात होता तो काळही ठरवता येतो. कृत्यांच्या १८व्या अध्यायातला गल्लियो हा अधिकारी डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून ५१-५२च्या सुमारास तिथं होता. म्हणजे करिंथकरांनी हे वचन तेव्हाच ऐकलं होतं. त्याआधी, गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की तो यरुशलेमेत केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि याकोबालाही भेटला. ही भेट वधस्तंभानंतर फार तर सात-आठ वर्षांच्या आतली. ज्यांना ‘दिसला’ म्हणून यादीत नाव आहे, त्यांतल्या दोघांशी पौल समोरासमोर बोललाय.

या ओळींत काय नाही, हेही तितक्याच काळजीनं टिपा. रिकाम्या कबरीचा थेट उल्लेख नाही. बायकांची नावं नाहीत. कोण कुठं, किती वाजता, काय बोललं, काही नाही. पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला असं आहे, पण त्या पाचशेंपैकी एकाचीही साक्ष आपल्या हातात नाही. पाचशेंबद्दल सांगणारा एकच माणूस आहे. बहुतेक अजून जिवंत आहेत असं तो लिहितो, म्हणजे ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. याला वजन आहे, पण ती पाचशे साक्षीपत्रं नव्हेत.

हे झाल्यावर शुभवर्तमानांकडे या. एक वही घ्या, आडवी धरा, चार रकाने पाडा: मार्क १६:१-८, मत्तय २८, लूक २४, योहान २०-२१. रोज एकच रकाना, पाऊण तास, आणि नळाला पाणी यायचा दिवस सोडून, कारण हंडे भरता भरता हे होत नाही. कोण गेलं, उजाडलं होतं का, आत कोण दिसलं, पुढं काय झालं, एवढंच लिहायचं. चौघांचं जुळवून सांगणारं पुस्तक किंवा व्हिडिओ आधी घेऊ नका; त्यात प्रत्येकाचा स्वतःचा आवाज हरवतो आणि नंतर फरक दिसला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

मार्कात तीन बाया आहेत, पांढरा झगा घातलेला एक तरुण आहे, आणि शेवटी त्या घाबरून पळतात व कुणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सीनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क तिथंच, आठव्या वचनावर थांबतो. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून त्यांतल्या साप उचलण्याच्या आणि विष पिण्याच्या ओळींवर काही उभारू नका. मत्तयाकडे दोन बाया आणि धोंड लोटणारा एक देवदूत. लूककडे दोन पुरुष. योहानाकडे अंधार असतानाच मग्दालीया मरीया एकटी येते, पण पेत्राला म्हणते, “आम्हांला ठाऊक नाही”. हा ‘आम्हांला’ पाहून ठेवा. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात, लूकमध्ये यरुशलेमेत.

आणि आता लूककडे जरा थांबा. २४वा अध्याय सलग वाचला तर सकाळची कबर, अम्माऊसची वाट, रात्रीची भेट आणि बेथानीजवळचं स्वर्गारोहण, सगळं एकाच दिवसात उरकल्यासारखं दिसतं. कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात तोच लूक चाळीस दिवस म्हणतो. लेखक एक, ज्याला उद्देशून लिहिलं तो थियफीलही तोच. त्यानं काळ आखडून लिहिला, आणि त्यात त्याला खोटेपणा वाटला नाही. तेव्हा वेळापत्रकात फरक दिसला म्हणजे लबाडी पकडली, असं धरू नका. आणि फरकच नाहीत असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका.

सोलापुरात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही किल्लारीबद्दल विचारा. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, ३ वाजून ५६ मिनिटं. एका घरातली चार माणसं भांडी आधी वाजली की खाट आधी हलली यावर वाद घालतील, कोण आधी बाहेर पळालं यावरही. भूकंप झाला यावर नाही. मार्काचं शुभवर्तमान घटनेनंतर साधारण चाळीस वर्षांचं, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच. दाखला इथवरच चालतो. भूकंप मागं ढिगारा ठेवतो आणि पुन्हाही होतो. पुनरुत्थानाचं तसं नाही. तपशिलात फरक असला म्हणून गाभा खोटा ठरत नाही एवढंच यातून घ्या, गाभा खरा ठरला असं नको.

तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. रक्त हिमोलाइज झालं, म्हणजे त्यातल्या पेशी फुटल्या असतील तर पोटॅशियम खोटं जास्त येतं, आणि आकडा कितीही सोयीचा असला तरी तुम्ही ते सॅम्पल रिजेक्ट करता. ईस्टरच्या आठवड्यात मोबाईलवर येणाऱ्या पुराव्यांना हाच नियम लावा. येशूचं म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ट्युरिनच्या कफनाची १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिच आणि अ‍ॅरिझोना इथं कार्बन चाचणी झाली. कापड १२६० ते १३९० मधलं निघालं. त्या निकालावर आक्षेप घेणारे आहेत, पण त्या कापडावर विश्वास टांगू नका. ‘सगळे प्रेषित या साक्षीसाठी मेले’ हेही इतिहास म्हणून सरसकट सांगता येत नाही. पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब आणि प्रभूचा भाऊ याकोब यांच्याबद्दल आधार चांगला आहे. बाकीच्यांच्या कथा बऱ्याच उशिराच्या. जोसेफस या यहुदी इतिहासकाराचा येशूवरचा प्रसिद्ध उतारा नंतर ख्रिस्ती नकलकारांनी फुगवलाय, याकोबाला इ.स. ६२ मध्ये दगडमार झाल्याचा त्याचा दुसरा उल्लेख मात्र भरवशाचा. रोमन इतिहासकार टॅसिटस येशूला रोमन सुभेदार पिलाताच्या हातून झालेली शिक्षा सांगतो, पुनरुत्थान सांगत नाही. १९६८ साली यरुशलेमेजवळ योहानान नावाच्या माणसाचं खिळा अडकलेलं टाचेचं हाड अस्थिपेटीत सापडलं. त्यावरून वधस्तंभावर मेलेल्याला रीतसर पुरलं जाऊ शकत होतं एवढं कळतं. बायकांची साक्ष त्या काळी हलकी मानली जाई, म्हणून कुणी कथा रचली असती तर पुरुषांना कबरीवर पाठवलं असतं, हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण देहाला सुगंधी द्रव्यं लावायला बायकाच जाणार, हेही त्याच्या उलट बाजूला ठेवावं लागतं.

हे सगळं मांडून झाल्यावर हातात काय राहतं? येशू पिलाताच्या काळात वधस्तंभावर मेला. थोड्याच वर्षांत, ज्या शहरात तो मेला तिथंच, तो उठला आणि आम्हाला दिसला असं सांगणारी माणसं होती, आणि ती मनापासून बोलत होती. विश्वास न ठेवणारे इतिहासकारही बहुतेक इथवर येतात. देवानं त्याला उठवलं का, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही, कारण ते उत्तर देव आहे का आणि तो असं करेल का यावर टेकलेलं आहे. पिंखास लापिडे हे यहुदी विद्वान तर पुनरुत्थान घडलं असं मानत, तरी येशूला मसीहा मानत नसत. एकच पुरावा दोन घरांत वेगळा नांदतो. माझा विश्वास आहे की तो उठला. तो विश्वास वर सांगितलेल्यावर उभा आहे, पण त्यातून गणितासारखा निघालेला नाही, आणि तसा निघाला पाहिजे असा हट्ट तुम्हीही धरू नका. उलट, ‘मला काही वाटलं नाही म्हणजे खोटं’ हा हिशेबही करू नका. आईच्या उघड्या कबरीपाशी उभं राहिलेल्या माणसाला काही वाटेनासं होतं, ते शोकामुळं.

प्रभुभोजनाबद्दल. १ करिंथ ११ मधले ‘अयोग्य रीतीनं’ हे शब्द लोक शंकेला लावतात, पण तिथलं भांडण वेगळं आहे: काही जण आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. शंकेबद्दल मत्तय २८:१७ पाहा. अकरा शिष्य डोंगरावर उठलेल्या येशूला नमन करतात आणि काहींना संशय वाटतो, एकाच वाक्यात. तिथलं ग्रीक क्रियापद अख्ख्या नव्या करारात फक्त आणखी एकदा येतं: पाण्यावर चालता चालता बुडू लागलेल्या पेत्राला येशू विचारतो तेव्हा, मत्तय १४:३१. डोंगरावर संशय घेणाऱ्यांना येशूनं बाजूला काढलं नाही. पुढची आज्ञा त्यांनाही मिळाली. भाकर आणि प्याला घ्या.

शिकवणं सोडू नका, पण ईस्टरचा मुख्य पाठ या वर्षी दुसऱ्या शिक्षिकेला द्या. शब्बाथ शाळेच्या अधीक्षकांना या रविवारीच सांगा, “आईला जाऊन थोडेच महिने झालेत, हा पाठ मला जड जाईल.” हे खरं आहे आणि पुरेसं आहे. तुम्ही त्याच्या पुढच्या रविवारी शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा पाठ घ्या, योहान २०:२४ पासून. थोमा आठ दिवस शंका घेऊन बाकीच्यांबरोबर राहिला, त्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही, हे मुलांना नीट दाखवा.

त्या मुलाचं उत्तर मात्र लांबवू नका. नऊ-दहा वर्षांच्या पोराला टाळलेलं लगेच कळतं. त्याला सांगा: “चांगला प्रश्न होता, मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. ज्यांनी पाहिलं असं सांगितलं, त्यांनी दुसऱ्यांना पाठ करून दिलं, मग लिहून ठेवलं. मी पाहिलेलं नाही. ते लोक खरं बोलत होते का, याचा मीही विचार करतेय.” मग १ करिंथ १५च्या त्या चार ‘की’ मुलांकडून बोटांवर म्हणून घ्या. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. आधी पाठ न करता एकदा आणि पाठ करून एकदा. पहिल्या वेळी वाक्य बिघडेल, दुसऱ्या वेळी बहुधा शाबूत पोचेल. पाठांतराचा उपयोग त्यांना हातात दिसेल. पाठ केलेलंही चुकीचं असू शकतं, हे एखादी चुणचुणीत मुलगी म्हणाली तर तिला शाबासकी द्या.

पाळकसाहेबांना रविवारी उपासनेनंतर दारात गाठू नका. मधल्या वारी एक तास मागून घ्या आणि तीनच प्रश्न लिहून न्या. शंका सैतानाकडून येते, प्रार्थना करा, एवढंच ऐकायला मिळालं, तर यहूदाच्या पत्रातलं २२वं वचन नम्रपणे पुढं ठेवा. संशय घेणाऱ्यांवर दया करा, असं तिथं आहे. तरी जमलं नाही तर दुसऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकांकडे जा, त्यात गैर काही नाही.

पप्पांना आत्ता चार रकाने दाखवू नका. आईशी पुन्हा भेट होईल या एका आशेवर ते दिवस काढत असतील, आणि तुमच्या प्रश्नांना उत्तर देणं हे त्यांचं काम नाही. पण बांगड्यांचं त्यांना जरूर सांगा. त्यांनाही काही ऐकू आलं असेल, आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नसेल.

ईस्टरच्या पहाटे कब्रस्थानात मंडळी जमली तर जा. मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावा, उघडी ठेवली तर वाऱ्यानं विझते. “ख्रिस्त उठला आहे” असं पाळकसाहेब म्हणतील आणि सगळे “खरोखर उठला आहे” असं उत्तर देतील. तुमच्या तोंडून शब्द निघाले नाहीत तर ओढूनताणून काढू नका. मार्कातल्या त्या तीन बायकाही त्या सकाळी काही बोलल्या नव्हत्या. फुलं ठेवा, पप्पांजवळ उभ्या राहा, आणि वही पाळकसाहेबांच्या भेटीला बरोबर न्या, रकाने अर्धे राहिले असले तरी.